लिहिणाऱ्या नायकाची पटकथा: आधी बाडाचं काय होतं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात एक मराठी दीर्घकथा आहे. नायक तेवीस वर्षांचा, सोलापूर जिल्ह्यातल्या गावातून पुण्यात आलेला, कॉट बेसिसवर राहून कादंबरी लिहिणारा. कथेचा निम्मा भाग त्याच्या मनात घडतो आणि शेवटी त्याचं पुस्तक छापून येतं. तुमच्या दोन्ही मसुद्यांत टेबल, दिवा, खिडकीबाहेरचा पाऊस आणि वरून निवेदन असे प्रसंग पुन्हा पुन्हा आले, आणि निर्मात्याला ते कंटाळवाणे वाटले. लिहिणं पडद्यावर दाखवायचं कसं, आणि मूळ कथेचा शेवट बदलता येतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

निर्मात्याचं म्हणणं बरोबर आहे. मी पटकथा लिहिते, इतरांच्या मसुद्यांवर कामही करते, आणि नायक लेखक असला की ही अडचण हटकून येते. कादंबरीत लेखक-नायकाचं वर्णन सोपं जातं, कारण वाचक आधीच अक्षरांत बुडालेला असतो. नायक काय लिहितो ते त्याच पानावर वाचायला मिळतं. कॅमेऱ्यापुढे मात्र कविता लिहिणारा आणि वाण्याची यादी लिहिणारा सारखेच दिसतात. मान खाली, हात हलतोय, मध्येच पेन ओठांशी. मग आपण पाऊस घालतो, संगीत घालतो, चुरगळलेले कागद जमिनीवर टाकतो. ही सगळी लिहिण्याची सजावट झाली. त्यातून त्या माणसाबद्दल नवीन काहीच कळत नाही.

लिहिणं दिसत नसलं तरी लिहिलेले कागद दिसतात. ते कुणाच्या हातात जातात, कोण वाचतं, कोण न वाचता बाजूला ठेवतं, कोण त्याचे पैसे देतं, कोण ते जाळतं, हे सगळं दिसतं. म्हणून माझा आग्रह असा की तुमच्या नायकाच्या बाडाला, म्हणजे हस्तलिखिताच्या गठ्ठ्याला, एक पात्र समजा. ते कुठे जन्मतं, दिवसा कुठे ठेवलेलं असतं, त्याला नायकाखेरीज पहिला हात कुणाचा लागतो आणि चित्रपट संपताना ते कुठे असतं, हे चार मुक्काम आधी ठरवा. प्रसंग मग लिहा.

याचा सर्वांत चांगला धडा मला ‘अपूर संसार’मध्ये मिळतो. सत्यजित राय यांचा हा १९५९ चा चित्रपट बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘अपराजित’ या कादंबरीच्या उत्तरार्धावर आधारलेला आहे. आपल्याकडे त्याची आठवण निघते ती नायक अपू आणि त्याची बायको अपर्णा यांच्या संसारासाठी. फाटक्या पडद्याचं भोक, जेवताना एकमेकांना घातलेला पंखा, सिगारेटच्या पाकिटावर लिहिलेली तंबी. पण पटकथा म्हणून पाहिलं तर तो एका तरुण लेखकाचा चित्रपट आहे, आणि त्यात लिहिण्याचं काय केलं आहे हे तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा पाहायला हवं.

सुरुवातीचा अपू आठवा. कलकत्त्यात रेल्वेमार्गाशेजारी गच्चीवरची खोली, थकलेलं भाडं, दारात घरमालक. नोकरी शोधत तो शाळेत जातो, तिथे त्याचं शिक्षण जास्त ठरतं. औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवण्याच्या जागी जातो, तिथल्या कामगाराकडे बघतो आणि परत फिरतो. या सगळ्यात तो लेखक आहे हे कळतं ते त्याची एक कथा स्वीकारल्याचं पत्र येतं तेव्हा. पत्र येणं ही घटना आहे. ती घेणाऱ्याचा चेहरा बदलतो, आणि तो बदल कॅमेऱ्याला दिसतो. कथा कशाबद्दल आहे हे न कळताही आपण त्या आनंदात सामील होतो.

मग त्याच्या कादंबरीचा प्रसंग येतो. अपू आणि त्याचा मित्र पुलू रात्री रेल्वेच्या रुळांकडेने चालले आहेत. अपू कादंबरीचं कथानक सांगतो: खेड्यातला गरीब मुलगा, भिक्षुकीचा धंदा नाकारून शिकायला बाहेर पडतो, झगडतो, फार मोठं काही त्याच्या हातून घडत नाही, गरिबीही सुटत नाही, पण तो आयुष्याकडे पाठ फिरवत नाही. त्याला जगायचं आहे. पुलू म्हणतो, ही तर तुझीच गोष्ट झाली. आणि प्रेमाचं काय? तुला त्याचा अनुभव कुठे आहे? अपूचा भरवसा कल्पनाशक्तीवर आहे.

तुमच्या मसुद्यात जे निवेदनातून येतं ते इथे किती सहज बाहेर आलं आहे, पाहा. लेखकाचं अख्खं मन त्या चालण्यात उघडं होतं, कारण समोर अडवणारा एक माणूस आहे. पुलू नुसता ऐकणारा असता तर ते भाषण झालं असतं. तो हरकत घेतो, आणि त्याच्या हरकतीतूनच पुढचा चित्रपट जन्मतो. प्रेमाचा अनुभव नसलेल्या या मुलाचं काही दिवसांतच, ऐन मांडवात नवरदेव वेडा निघाल्यामुळे, पुलूच्या नात्यातल्या बहिणीशी, अपर्णाशी, लग्न होतं. कल्पनेच्या भरवशावर लिहिणाऱ्याला खरं प्रेम मिळतं, आणि मग ते हिरावलं जातं.

अपर्णा बाळंतपणात जाते. अपू मुलाचं तोंडही पाहत नाही. भटकत राहतो. समुद्रकाठ, जंगल, डोंगर. आणि एका पहाटे डोंगरकड्यावर उभा राहून तो कादंबरीचे कागद हातातून सोडून देतो. खाली जंगल आहे, पानं तरंगत खाली जातात. इतका वेळ जी कादंबरी आपण फक्त ऐकली होती ती नष्ट होताना आपल्याला दिसते. त्या प्रसंगाची ताकद निसर्गदृश्यात शोधू नका. ती रुळांकडेच्या त्या रात्रीत साठवलेली आहे. ज्या कादंबरीचा नायक आयुष्याकडे पाठ फिरवत नाही, ती कादंबरी तिचा लेखक पाठ फिरवून निघालेला असताना टाकून देतो. आधीचं संभाषण काढून टाकलं असतं तर हा प्रसंग सुंदर दिसला असता आणि पोकळ राहिला असता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण शेवट बदलण्याबद्दल याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ‘अपराजित’ कादंबरीत अपूचं पुस्तक लिहून होतं, छापलंही जातं, त्याला लेखक म्हणून नाव मिळतं. अखेरीस तो मुलाला, काजलला, आपल्या गावी निश्चिंदीपूरला लहानपणापासूनच्या ओळखीच्या राणूदीच्या हवाली करून स्वतः दूरच्या प्रवासाला निघतो. कादंबरीला तो शेवट शोभतो. तिथला अपू जगाच्या ओढीने चालणारा आहे, आणि त्याची ती ओढ शेकडो पानांत मुरलेली आहे. रायांनी दोन्ही गोष्टी उलट केल्या. पुस्तक नाहीसं केलं आणि बाप-मुलाला एकत्र आणलं. खाणीत काम करणाऱ्या अपूला पुलू शोधून काढतो, अपू सासुरवाडीला येतो, मुलगा त्याच्यावर दगड भिरकावतो, आणि शेवटी बाप म्हणून नव्हे तर मित्र म्हणून स्वीकारलेल्या त्या माणसाच्या खांद्यावर बसून निघतो.

हा बदल मनमानी नाही हे मला ठासून सांगायचं आहे. अपूने पुलूला जी कादंबरी सांगितली तिचा शेवट काय होता? गरिबी तशीच, मोठेपणा नाही, तरी माणूस जगायला तयार. काजलला घेऊन निघालेला अपू नेमका तिथे पोचला आहे. कादंबरी लिहायची राहिली, पण तिच्यातलं वचन त्याने पाळलं. अशा वेळी प्रकाशकाचं दुकान आणि छापलेली प्रत दाखवली असती तर तो मोबदला वाटला असता, आणि मुलाच्या प्रसंगाचं मोल कमी झालं असतं. मूळ कृतीचा आत्मा जपणं म्हणतात ते मला अशाच ठिकाणी पटतं. घटना बदलली आहे, लेखकाच्या मनातला प्रश्न तोच ठेवला आहे.

याच्या बरोबर उलट वाटेने जाणारं उदाहरणही पाहायला हवं, नाहीतर तुम्ही उद्या बाड मुठा नदीत सोडून द्याल. ग्रेटा गरविग यांच्या २०१९ च्या ‘लिटल विमेन’मध्ये पुस्तक नष्ट होत नाही. ते छापलं जाणं हाच कळस आहे. लुइझा मे अल्कॉट यांची मूळ कादंबरी १८६८ आणि १८६९ अशा दोन भागांत आली, आणि १९३३, १९४९, १९९४ अशी तिची गाजलेली चित्रपटरूपं आधीच होती. गरविग यांनी गोष्ट मधूनच सुरू केली. पहिल्याच प्रसंगात नायिका, जो मार्च नावाची तरुण लेखिका, संपादकाच्या दारापाशी थबकलेली आहे. आत जाऊन ती सांगते की कथा मैत्रिणीची आहे. बोटांवर शाईचे डाग आहेत. संपादक पानं काटत सुटतो, आणि नेहमीच्या दरापेक्षा कमी, वीस डॉलर, देऊ करतो. बाहेर पडल्यावर ती रस्त्यातून धावत सुटते. त्या एका प्रसंगात लेखिका आहे, व्यवहार आहे, भीती आहे, आनंद आहे, आणि ती लिहिताना एकदाही दिसलेली नाही.

त्या चित्रपटातल्या बाडाचे मुक्काम मोजून पाहा. धाकटी बहीण एमी रागाच्या भरात जोचं हस्तलिखित जाळते. हा प्रसंग मूळ कादंबरीतलाच आहे, आणि आजही प्रेक्षागृहात तो पाहताना माणसं श्वास रोखतात. पुढे दुसरी बहीण बेथ हिच्या मृत्यूनंतर जो पोटमाळ्यावर लिहायला बसते. इथे गरविग लिहिणं थेट दाखवतात, तर ते कसं? मेणबत्त्या जळत जातात, जमिनीवर ओळीने मांडलेली पानं वाढत जातात, उजवा हात थकला की पेन डाव्या हातात जातं. अल्कॉट स्वतः दोन्ही हातांनी लिहीत, त्याचा हा वापर. म्हणजे इथेही श्रम दिसतात आणि वाढत जाणारा कागद दिसतो. चेहऱ्यावरची समाधी नाही.

आणि शेवटी सौदा. प्रकाशकाला नायिकेचं लग्न हवं आहे. जो ते लावून देते, पण त्याबदल्यात मानधनाचा टक्का घासाघीस करून ६.६ वर नेते आणि पाचशे डॉलरला स्वामित्वहक्क विकायला नकार देते. मग छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळतात, कागद घडी होतात, शिवले जातात, लाल कव्हरवर सोनेरी अक्षरं उमटतात, आणि जो काचेपलीकडून ते पाहत उभी असते. त्याच वेळी तिच्या लग्नाची गोष्ट खरी की पुस्तकातली, हे मोकळं सोडलं आहे. अल्कॉट यांना जोचं लग्न नको होतं, वाचक आणि प्रकाशक यांच्या दबावाखाली त्यांनी ते लावलं, आणि त्या स्वतः अविवाहित राहिल्या. गरविग यांनी लेखिकेची ही बाजू कादंबरीत मिसळली. रायांनी पुस्तक काढून माणूस ठेवला, गरविग यांनी नवऱ्याला धूसर करून पुस्तक ठेवलं. दोघांनीही पहिल्या काही मिनिटांत जे मांडलं होतं त्याचाच हिशेब शेवटी पुरा केला. तुमचा शेवट बदलायचा की नाही याचं उत्तर म्हणून तुमच्याच पहिल्या पंधरा पानांत आहे. नायकाला पुस्तकातून काय हवं आहे असं तिथे दिसतं? गावाला दाखवायला नाव, वडिलांची कबुली, की स्वतःलाच काही पटवायचं आहे? वडिलांची कबुली हवी असेल तर प्रकाशन समारंभ कितीही थाटात केला तरी तो शेवट होणार नाही. वडिलांच्या हातात ते पुस्तक कसं पडतं, तो शेवट.

साधनाबद्दलही एक सांगते. क्नुट हामसुन यांच्या १८९० च्या ‘भूक’ या नॉर्वेजियन कादंबरीतला उपाशी लेखक अंगातलं जाकीट गहाण टाकतो, आणि मग त्याला आठवतं की पेन्सिलीचं थोटूक खिशातच राहिलं. ते परत मागायला तो गहाणवाल्याकडे जातो आणि त्या थोटकाने आपण केवढा ग्रंथ लिहिला याच्या थापा मारतो. हेन्निंग कार्लसेन यांनी १९६६ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला, आणि त्यातल्या कामासाठी पेर ऑस्करसन यांना कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. अख्खी कादंबरी एका माणसाच्या डोक्यात चालते, तरी ती पडद्यावर येऊ शकली, कारण हामसुननी डोक्यातली प्रत्येक गोष्ट पोट, कपडे, पेन्सिल, रस्ता यांना बांधलेली आहे. तुमच्या कथेत अशा वस्तू आहेत का, ते खुणा करत शोधा. नसतील तर त्या तुम्हाला निर्माण कराव्या लागतील, आणि त्या काळाच्या, गावाच्या, खिशाच्या असायला हव्यात.

तुम्ही पाठवलेल्या सारांशावरून मला काही जागा दिसतात. कॉट बेसिसच्या खोलीत चौघं राहतात. म्हणजे रात्री दिवा कुणी बंद करायचा यावरून रोज कुरबुर होणार. लिहिण्यासाठी उजेड मिळवणं हाच एक धागा झाला: जिन्यातला दिवा, अभ्यासिका, स्वारगेटचा फलाट. बाड कुठे ठेवतो? कॉटखालच्या ट्रंकेत, गावाकडून आलेल्या चटणीच्या डब्याशेजारी ठेवत असेल तर कागदाला तेलाचा डाग पडणार, आणि तो डाग पुढे संपादकाच्या टेबलावर दिसणार. कथा पाठवताना तो परतीचं पाकीट जोडतो, तिकीट लावतो, स्वतःचाच पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहितो. ते पाकीट परत येताना खोलीतल्या कुणाच्या हाती पडतं? ‘साभार परत’ची चिठ्ठी त्याच्याआधी दुसऱ्याने वाचली तर प्रसंग किती बदलतो पाहा. दिवाळी अंकात पहिली कथा छापून आल्यावर मानधनाचा धनादेश त्याच्याकडे येतो आणि बँकेत खातंच नाही. यातला प्रत्येक प्रसंग लेखकपणाचा आहे, आणि एकातही तो टेबलाशी बसलेला नाही.

खोलीतला एक सोबती पुलूसारखा करा. मूळ कथेत तो नावापुरता असेल तर वाढवा. मात्र त्याला साहित्यप्रेमी करू नका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, हिशेबी, पण याच्यावर जीव असलेला मुलगा असेल तर त्याचे प्रश्न खरे येतील: हे लिहून होणार काय? तुझ्या बापाला यात ओळखता येईल का? असे प्रश्न नायकाला बोलतं करतात.

निवेदनावर मी बंदी घालत नाही. पण चित्रात आहे तेच ते सांगत असेल तर काढा. निवेदन आणि चित्र यांच्यात अंतर असेल तरच ठेवा. गावच्या घराचं त्याने लिहिलेलं हळवं वर्णन ऐकू येतंय आणि पडद्यावर त्या घरातलं भांडण दिसतंय, तर प्रेक्षकाला लेखकाची निवड कळते: त्याने काय घेतलं, काय गाळलं. लेखक घडतो तो तिथे. असे दोन किंवा तीन तुकडे पुष्कळ झाले, आणि ते मूळ कथेतल्या वाक्यांतूनच घ्या. दीर्घकथेची भाषा तिच्या लेखकाने कमावलेली आहे. तुमच्या-माझ्या निवेदनापेक्षा ती सरस असणार.

हस्ताक्षराकडे कलाविभागाचं लक्ष आत्ताच वेधा. बाड जर पात्र असेल तर त्याचं अक्षर हा त्याचा चेहरा आहे. पहिल्या कथेचं अक्षर आणि तीन वर्षांनंतरचं अक्षर सारखं नसतं. फुलस्केप कागद, कडेची घडी घालून केलेला समास, खाडाखोड, शाईच्या दोन छटा, हे आधी तयार करून घ्या. नटाने महिनाभर त्याच अक्षराचा सराव करावा. आयत्या वेळी दुसऱ्याचा हात घेऊन जवळचं दृश्य उरकलं की ते ओळखू येतं.

राहिला हक्कांचा भाग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतात, आणि कथेचं चित्रपटरूप करण्याचा हक्क त्यांतलाच एक आहे. तो लेखी करारानेच घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मराठी चित्रपटाला निर्माता मिळून तो पुरा व्हायला पाच वर्षं सहज लागतात, म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या. शिवाय हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. तुमच्या कथेचे लेखक हयात आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. शेवट बदलणार असाल तर नवा शेवट चार-पाच पानांत लिहा, घेऊन त्यांच्याकडे जा, का बदलला ते समोर बसून सांगा, आणि त्यांची संमती कराराला जोडा. नायक कथेत स्वतःच्या कविता म्हणतो आणि त्या दुसऱ्या कुणा कवीच्या असतील, तर त्यांची परवानगी वेगळी लागेल. ती चित्रीकरण सुरू होण्याआधी मिळवा.